वाघोबाच्या टेकडीवरची डावरी

बेलखारात लग्न कुणाचंही असो, दमयंती गावंड शोधायची असेल तर मांडवात वेळ घालवू नये. मांडवामागे जिथे चुली पेटलेल्या असतात तिथे जावं. तांदळाच्या भाकऱ्या थापणाऱ्या बायकांच्या ओळीत अगदी कडेला ती सापडते. कडेला अशासाठी, की ती डावरी आहे. मध्ये बसली तर तिचं कोपर शेजारणीच्या कोपराला लागतं, दोघींच्याही भाकऱ्या फाटतात आणि मग अर्धा दिवस त्यावर चर्चा चालते. भाकरी थापताना तिचे ओठ हलत असतात. मांडवात धवलारीण धवला, म्हणजे लग्नातलं गाणं, गात असते आणि इथे ही बाई परातीत बघत तोच धवला, एक शब्द इकडचा तिकडे होऊ न देता, स्वतःशीच पुटपुटत असते.

पनवेलच्या नव्या इमारतींत राहायला आलेल्या मंडळींना आगरी हळद म्हटलं की डीजे आठवतो. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्या कानापर्यंत तेवढंच पोचतं. पण डीजेच्या आधी धवलारीण असते. देवांना, वाडवडिलांना, गावच्या वेशीला, खाडीला ती नावानिशी गाऊन हळदीला बोलावते. तिने बोलावल्याशिवाय त्यांच्यापैकी कुणी येत नाही, असं मानतात. गावंडांच्या घरात याच्या जोडीला आणखी एक रीत आहे. हळदीच्या संध्याकाळी दाराशेजारच्या भिंतीवर तांदळाच्या ओल्या पिठात बुडवलेले हात उमटवायचे. पहिला हात धवलारणीचा, मागून बाकीच्या बायकांचे. भिंत रंगवलेली असो नाहीतर महागड्या टाइल्सची, हात उमटले पाहिजेत म्हणजे पाहिजेतच.

दमयंतीचं माहेर चिरनेरचं आणि आई तिथली नावाजलेली धवलारीण. आईच्या मांडीवर झोपता झोपताच पोरीला सगळे धवले पाठ झाले. लग्न होऊन बेलखारात आली तेव्हा तिचा आवाज ऐकून इथल्या धवलारणीचे, गोदूआयचे, कान टवकारले. गोदूआय म्हणजे दमयंतीची चुलत सासू. बाई बांध्याने लहानखुरी, पण अख्खं गाव तिच्यापुढे आवाज खाली करून बोलतं. तिने नव्या सुनेला साथीला घेतलं. पहिल्याच हळदीत गोदूआयच्या हातात दिवा होता म्हणून ती म्हणाली, "लाव गो तूच पयला हात." दमयंती आनंदाने अशी फुलली की कसलाही विचार न करता तिने डावा हात पिठात बुडवला आणि भिंतीवर ठेवला.

अंगठा भलत्या बाजूला असलेला तो हात बघून मांडवात कुजबुज झाली. गोदूआयने दिवा खाली ठेवला, पदराचं टोक ओलं केलं आणि तो ठसा पुसून टाकला. मग आपला उजवा हात लावला. रागावली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "गला तुजा सोन्यासारखा हाय, दमे. पर हात नाय."

त्या दिवसापासून दमयंती चुलीकडे गेली ती गेलीच. तिची मुलं मोठी झाली, नवरा कमळाकर बंदरातल्या नोकरीतून रिटायर झाला, खाडीवरची मिठागरं गेली, समोर उलव्याचे टॉवर उभे राहिले, पण भाकऱ्यांच्या ओळीतली तिची कडेची जागा काही बदलली नाही. तिने त्याचं कधी रडगाणं गायलं नाही. खरं तर तिलाही मनातून तसंच वाटे की डाव्या हाताने शुभकार्य नासतं. सत्यनारायणाचा प्रसाद घेताना ती डावा हात कंबरेमागे दडवायची.

आता मात्र गोष्ट वेगळी होती. वैशाखात रियाची हळद ठरली होती. रिया ही दिराची मुलगी, पण तिची आई नोकरीला जायची तेव्हा तिला न्हाऊमाखू घालून वाढवलं दमयंतीनेच. पोरगी आता बँकेत लागली होती, नवरा तिने स्वतः निवडला होता, आणि काकूच्या गळ्यात पडून तिने स्पष्ट सांगितलं होतं, "काकी, डीजे पप्पांच्या हौशीला राहू दे. पण माझ्या हळदीत धवला तू गायचास. मी लहानपणी तुझ्याच तोंडून ऐकलाय."

"गोदूआय हाय ना गाला," दमयंती म्हणाली.

"तिचा आवाज आता मागच्या खुर्चीपर्यंत पण जात नाही."

हे खरं होतं. गोदूआय थकली होती. पण तिला विचारणार कोण? आणि विचारलं असतं तरी दमयंतीला स्वतःचीच भीती होती. आपल्या हाताने या पोरीच्या संसाराला काही झालं तर? रियाला हो म्हणावं अशी इच्छा तिच्या पोटात दिवसभर उड्या मारी, आणि ती मात्र विषय बदलून तिला चिंबोरीचं कालवण वाढी.

तो सगळा हिवाळा असाच गेला असता. पण वाघोबाच्या टेकडीवर खणायला माणसं आली.

टेकडी गावाच्या मागेच. रस्त्यासाठी तिची एक बाजू कापली तेव्हा मातीत काळपट राखेचा पट्टा आणि शिंपल्यांचा थर दिसला. कुणीतरी फोटो पाठवला आणि पुण्याहून पुरातत्त्व शिकवणाऱ्या किशोरी नावाच्या एक बाई चार-पाच विद्यार्थी घेऊन हजर झाल्या. माती चाळायला गावातल्या बायका हव्या होत्या. तिथे एक शिकलीसवरलेली बाई दिवसभर उन्हात बसून ब्रशने जमीन झाडते, ही बातमी ऐकून दमयंतीला राहवेना.

"घरची धूळ पुरत नाय का तुना, टेकडीवरची झाराला चाललीस?" कमळाकर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला.

"घरात आदिमानव हाय तो रोज बगते. जरा जुना बी बगून येते," दमयंती म्हणाली आणि डबा घेऊन निघाली.

किशोरी मॅडम हसऱ्या होत्या आणि बोलक्याही. काही हजार वर्षांपूर्वी या टेकडीवर माणसं येऊन राहत, असं त्यांनी बायकांना सांगितलं. तेव्हा लोखंड नव्हतं, तांबं नव्हतं, भातशेतीसुद्धा नव्हती. खाडी आजच्यापेक्षा वेगळी वाहत होती, बहुधा टेकडीच्या आणखी जवळून. ही माणसं गारगोटी आणि अकीकाचे दगड फोडून बोटाच्या पेराएवढी पाती काढत, ती लाकडात नाहीतर हाडात ओळीने बसवत, आणि त्यांचे सुरे, भाले, बाण होत. मॅडमनी एक पातं दमयंतीच्या तळहातावर ठेवलं. तिने त्याने पदराचा सुटलेला दोरा कापून बघितला. तो पटकन कापला गेला. ब्लेडपेक्षा बरं, असं तिने तिथल्या तिथे जाहीर केलं.

"आणि खायाची काय?" तिचा पहिला प्रश्न हाच होता.

मॅडमनी पिशव्या उघडल्या. भाजलेल्या तिसऱ्यांच्या शिंपा, खुबे, माशांचे मणके. एका पिशवीत खेकड्याची काळी पडलेली, टोक तुटलेली एक नांगी.

"अगो बाय, चिंबोरी!" दमयंती इतक्या मोठ्याने ओरडली की खड्ड्यातल्या विद्यार्थ्याच्या हातातला ब्रश पडला. "आणि बगा, नांगी फोडलीय कुठं. आमी बी अशीच फोडतो. मॅडम, मसाला कंचा घालायची वो?"

"मसाला सापडत नाही, मावशी. राख सापडते."

"म्हंजे भाजून. बरोबर हाय. ताज्या चिंबोरीला मसाला लागत बी नाय."

घरी येऊन तिने कमळाकरला हे सगळं असं सांगितलं, की जणू ती माणसं परवापर्यंत शेजारी राहत होती आणि आता भाड्याने खोपोलीला गेली आहेत. तिच्या गालांवर लाली आली होती. कमळाकरने पेपर बाजूला ठेवला, आणि हे त्या घरात सहसा घडत नसे.

टेकडीच्या माथ्यावर एक मोठा कातळ होता. त्याला पाठ टेकून, खाडीकडे तोंड करून बसायला छान जागा. त्या कातळाच्या पुढ्यातच दगड फोडणाऱ्यांच्या बसायच्या जागा सापडल्या. एका ओळीत तीन. माणूस बसला होता तेवढी जागा मोकळी आणि बाजूला उडालेल्या कपच्यांचा सडा. कडेच्या दोन उघडून झाल्या होत्या, तिसरी, मधली, त्या आठवड्यात उघडली. सकाळी विद्यार्थ्यांनी तिचे फोटो काढले, दोऱ्या लावून नकाशा काढायला घेतला. दुपारी मोठे प्रोफेसर बघायला येणार म्हणून मॅडम त्यांना रस्ता दाखवायला खाली गेल्या आणि पोरं डबे खायला झाडाखाली बसली.

दमयंतीने खड्ड्यात डोकावून बघितलं. लांबून पाहुणे येणार आणि जमिनीवर हा एवढा केर! बेलखारातली कुठली बाई हे सहन करील? ती खाली उतरली, मांडी घालून बसली आणि तांदूळ निवडतात तशा एकेक कपच्या वेचायला लागली. बोटांना सवय होतीच. बारीक एका बाजूला, मोठ्या एका बाजूला, सगळ्या सुपात. मग ब्रश घेऊन जमीन स्वच्छ झाडली. धूळ उडू नये म्हणून वर पाण्याचा हलका शिडकावाही केला. रांगोळी घरी राहिली होती, हे नशीबच म्हणायचं.

किशोरी मॅडम प्रोफेसरांना घेऊन आल्या आणि खड्ड्याच्या काठावर पुतळ्यासारख्या थांबल्या. दमयंती सूप पुढे करून कौतुकाची वाट बघत उभी होती.

"मावशी," शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "ते जिथे पडलं होतं तिथेच हवं होतं हो."

प्रोफेसर सज्जन होते. त्यांनी खोकल्यासारखं करून शिंपल्यांच्या थराकडे मोर्चा वळवला. पण दमयंतीला कळायचं ते कळलं. आपल्या हाताने पुन्हा नासलं, हेच तिच्या मनात आलं. संध्याकाळी सगळे गेल्यावर ती मॅडमपुढे उभी राहिली आणि उद्यापासून येत नाही म्हणाली. डोळे भरून आले होते.

"बसा आधी," मॅडम म्हणाल्या. "फोटो काढून झाले होते म्हणून वाचलो. आणि तुमची चूक नाही, मीच कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगते."

कातळापाशी बसून त्यांनी लॅपटॉपवर सकाळचा फोटो दाखवला. दगड कुठला यापेक्षा तो कुठे पडला हे कधी कधी जास्त बोलतं, हे त्यांनी समजावलं. मधली मोकळी जागा म्हणजे माणूस. कपच्या पडल्या त्यावरून तो कसा बसला, काय करत होता, हे कळतं. "पण ही मधली जागा मला दोन दिवस छळतेय. कडेच्या दोघांच्या कपच्या त्यांच्या डावीकडे पडल्यात. ह्याच्या उजवीकडे. तोंड फिरवून बसावं तर पाठीला कातळ. बघा, मी करून दाखवते."

मॅडमनी डाव्या मांडीवर एक गारगोटी धरली, उजव्या हातात गोटा घेतला आणि मारला. कपच्या टणाटण डावीकडे उडाल्या.

"असं व्हय," म्हणत दमयंतीनेही दोन दगड उचलले. कालवं फोडायची सवय असलेली बाई ती. ऐटीत बसली आणि दोन घाव घातले. कपच्या उजवीकडे जाऊन पडल्या.

मॅडमनी कपच्यांकडे बघितलं, फोटोकडे बघितलं आणि मग दमयंतीच्या हाताकडे बघितलं.

"मावशी, तुम्ही डावऱ्या आहात?"

दमयंतीने चोरी पकडल्यासारखा हात पदराखाली घेतला. "चुकून झालं, मॅडम. ह्या हातानं करते."

"नको, नको! त्याच हाताने करा. पुन्हा मारा!"

असं तिला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. तिने पुन्हा मारलं. मग आणखी एकदा. मॅडम मोबाइलवर फोटो काढत होत्या, मध्येच टाळी वाजवत होत्या, आणि सूर्य खाडीपलीकडे खाली जात असताना त्या दोघी कातळाला टेकून लहान मुलींसारख्या दगड फोडत बसल्या.

मॅडम पुराव्याच्या बाबतीत मात्र कडक. एवढ्यावरून ठरवणार नाही, कपच्यांवरच्या खुणा भिंगाखाली बघायला हव्यात, असं त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. त्या खुणा बघायला बरेच दिवस लागले. एका संध्याकाळी त्या स्वतः दमयंतीच्या ओसरीवर आल्या आणि चहा घ्यायच्या आधीच म्हणाल्या, "खुणाही तसंच सांगतायत. मधली व्यक्ती बहुधा डावरी होती. 'बहुधा' हा शब्द सोडू नका हं."

"म्हंजे तवा बी व्हती अशी माणसं?"

"नेहमीच होती. फार जुन्या माणसांचे दात सापडलेत. दातात मांस धरून दगडाच्या पात्याने कापताना पातं दाताला घासायचं. त्या ओरखड्यांच्या तिरक्या दिशेवरून हात कळतो. बहुतेक उजवे, पण मधूनच एखादा डावरा निघतोच."

दमयंतीने जरा वेळ पदराशी चाळा केला. "मंग त्यांना कोनी बोलायचं नाय?"

"ते दगडावरून कळत नाही, मावशी. खोटं कशाला सांगू? पण दोन गोष्टी कळतात. सगळ्यात बारीक, सगळ्यात सुबक पाती त्याच जागेवर सापडली. आणि ती जागा मधली होती."

"मधली?" दमयंती चमकली. "कोपर लागत नसंल शेजारच्याला?"

"लागत असेल. सरकून बसत असतील."

दमयंती चहा ओतत राहिली आणि तो कप भरून बशीत सांडला. त्या रात्री तिला झोप लागली, पण झोपायच्या आधी तिने कमळाकरला दोनदा तेच सांगितलं, की ते लोक सरकून बसायचे. तो म्हणाला, "मना कळला. मी बी सरकतंय बग," आणि भिंतीकडे सरकला.

खणण्याचं काम संपलं तेव्हा मॅडमनी गावच्या शाळेत सगळं मांडून दाखवलं. टेबलावर पाती, शिंपा, माशांचे मणके, मानाने ठेवलेली चिंबोरीची नांगी. भिंतीवर तीन जागांचा मोठा फोटो. अख्खं बेलखार लोटलं. गोदूआयही आली, दोन नातींच्या खांद्यांवर हात टाकून. तिला पुढची खुर्ची मिळाली, मिळणारच. मॅडमनी सगळं सांगितलं, बहुधा या शब्दासकट. दमयंतीचं नाव घेऊन, कपच्या कशा उडाल्या तेही सांगितलं. दमयंती दाराशी उभी होती. गोदूआयने मान वळवून तिच्याकडे एकदा बघितलं आणि दमयंतीने डावा हात पदराखाली घेतला.

"पोरी," गोदूआय मॅडमना म्हणाली, "ती मधी बसनारी बाई व्हती का बाप्या?"

"ते सांगता येत नाही, आजी."

"मी सांगते. बाई. बाप्या एका जाग्यावर बसून एवढा बारीक काम करंल का? बिडी वढाला तरी उठंल."

हॉल हसून हसून लोटपोट झाला. गोदूआय मात्र हसली नाही. ती उठून त्या फोटोजवळ गेली, चष्मा वर-खाली करून मधल्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली. मग घरी गेली.

त्यानंतर तिने या विषयावर चकार शब्द काढला नाही. हळदीत धवला मीच गाईन, असा निरोप मात्र तिने रियाच्या बापाला, आनंदाला, पाठवला. आनंदाने माइक आणतो म्हटलं. रिया खट्टू झाली. दमयंतीने तिची समजूत घातली, पण ती समजूत कुणाला पटली असेल असं वाटत नाही. हळदीच्या दिवशी दमयंती सकाळपासून चुलीकडे, आपल्या कडेच्या जागेवर होती.

दिवस कलला तशी मांडवात गर्दी झाली. किशोरी मॅडम पुण्याहून आल्या होत्या, साडी नेसून, आणि डीजेवाल्याच्या अजस्र स्पीकरांकडे जरा दचकूनच बघत होत्या. दाराशी पिठाची परात ठेवली. पाटावर रिया बसली. गोदूआयने घसा खाकरून पहिला धवला उचलला, पण आवाज दोन शब्दांतच बसला. तिने पुन्हा प्रयत्न केला. माइकमधून नुसती घरघर आली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आनंदाने घाबरून डीजेवाल्याला खूण केली.

"हात खाली कर रे, आनंदा!" हे मात्र माइकशिवायही सगळ्यांना ऐकू आलं. मग गोदूआयने मांडवामागे तोंड वळवलं. "दमे! इकडं ये!"

दमयंती आली ती पिठाच्या हातांनी, कपाळावर घाम, केसांत राख. गोदूआयने तिला आपल्या आणि रियाच्या आत्याच्या मध्ये जागा दाखवली. जागा नव्हतीच खरं तर. आत्या जाड होती. गोदूआयने तिला कोपराने ढोसलं. "सरक गो जरा. मधी बसूं दे तिला."

दमयंती पदराला हात पुसत मध्ये बसली.

"पयला हात लाव," गोदूआय म्हणाली.

दमयंतीने उजवा हात पिठात बुडवला. पीठ पाटावर, रियाच्या साडीवर ठिबकलं. रिया नुसतं वर बघत राहिली.

"तो नव्हं," गोदूआय म्हणाली.

दमयंतीने उजवा हात मागे घेतला.

"आय, पोरीचा संसार..." दमयंती कशीबशी म्हणाली. "काय झाला तर?"

"टेकरीवरचीनं त्या हातानं येवढी मानसं जगवली. काय झाला त्यांना? आपून त्यांच्या चुलीवरच बसलोत नं आज?" गोदूआय सगळ्यांकडे एकेक करून बघत म्हणाली. "मीच आडानी. येवढी वर्सं उजव्या हातानं मी तरी काय दिवे लावले? लाव."

दमयंतीने डावा हात परातीत बुडवला आणि दाराशेजारी, आनंदाच्या नव्या गुलाबी टाइल्सवर, ठेवला. हात स्थिर होता. उचलला तेव्हा पाचही बोटं स्वच्छ उमटली होती, अंगठा भलत्या बाजूला. तळव्याखालून पिठाचा एक ओघळ भिंतीवरून खाली निघाला.

गोदूआय उठली. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि भिंतीकडे गेली. दमयंतीने डोळे मिटून घेतले. जुन्या बायकांना ती जुनी हळद आठवली. किशोरी मॅडम तर खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

गोदूआयने तो ओघळ तेवढा पुसला. मग ठशाची खालची कड पदराच्या टोकाने अलगद साफ केली, मागे सरली आणि चष्म्यातून निरखून बघितलं.

"आता अंगठा नीट दिसतो," ती म्हणाली. "गा."

आणि दमयंती गायली. काय गायली म्हणून सांगू! इतक्या वर्षांचा साठलेला आवाज होता तो, त्याला माइक कशाला लागतो? डीजेवाला पोरगा आपल्या वायरी सोडून ऐकायला पुढे येऊन बसला. कमळाकर खांबाला टेकून उघड उघड डोळे पुसत होता आणि विचारणाऱ्याला चुलीचा धूर लागला म्हणून सांगत होता. दमयंतीने देवांना बोलावलं, खाडीला बोलावलं, वेशीला बोलावलं, गावंडांच्या गेलेल्या माणसांना नावानिशी बोलावलं. ती यादी संपते तिथे ती क्षणभर थांबली. मग त्याच चालीत, आईने कधी न शिकवलेलं एक बोलावणं तिने वर जोडलं, वाघोबाच्या टेकडीवरच्या डावरीला. आय, तू बी ये हळदीला, मधी बस.

धवल्याची प्रत्येक ओळ साथीच्या बाईने मागून म्हणायची असते. मांडवात सगळे गोदूआयकडे बघत होते. तिने बसलेल्या घशाने, शब्द न शब्द बरोबर, ती ओळ मागून म्हटली.